वाफेच्या यॉटचं चालतं मॉडेल करायचं असेल तर आधी वजनाचा तक्ता मांडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिडाच्या जहाजांची काही स्थिर मॉडेलं केलेल्या एका वाचकांना आता १९२१ सालच्या 'डेल्फीन' या अमेरिकन यॉटचं मॉडेल करायचं आहे. प्रमाण १:९६, लांबी साधारण ८२ सेंटिमीटर. ते पाण्यावर चालावं आणि खऱ्या वाफेवरच चालावं अशी त्यांची इच्छा आहे. किट घ्यावं की सगळं हाताने घडवावं, इंजिन-बॉयलर कुठले घ्यावेत आणि पहिल्याच खेपेला हे जमेल का, असं त्यांनी विचारलं आहे.

आधी सरळ उत्तर देतो. या मापात डेल्फीन वाफेवर चालणार नाही. डेल्फीनच हवी असेल तर ती विजेच्या मोटरवर चालवा. वाफच हवी असेल तर यॉट बदला: १९०४ ची 'मेडीया' घ्या आणि ती १:३२ प्रमाणात करा. माझा आग्रह दुसऱ्या पर्यायाचा आहे. मी बोटीवर इंजिनीअर होतो, सुरुवातीची नोकरी वाफेच्या टर्बाइनवर झाली आणि निवृत्तीनंतरचा बराच वेळ छोट्या बॉयलरांसोबत गेला. त्यामुळे लाकडाआधी मी वजन आणि वाफ यांचाच विचार करतो.

डेल्फीनचा मोह मला पूर्ण समजतो. मोटारींच्या धंद्यातल्या होरेस डॉज यांनी ती बांधायला घेतली, पण पाण्यावर उतरलेली पाहायला ते राहिले नाहीत. डिसेंबर १९२० मध्ये त्यांचं निधन झालं आणि पुढच्या एप्रिलमध्ये मिशिगनमध्ये यॉटचं जलावतरण झालं. नाव त्यांच्या मुलीचं. १९२६ मध्ये न्यूयॉर्कला आग लागून ती बुडाली, वर काढली गेली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलाने तिला 'डॉन्टलेस' या नावाने घेतलं. युद्धानंतर अनेक हात बदलत ती युरोपात पोचली आणि २००३ मध्ये मोनॅकोत तिचं पुन्हा थाटात नामकरण झालं. माझ्यासारख्याला तिचं सगळ्यात मोठं आकर्षण म्हणजे एवढ्या घडामोडींनंतरही तिची मूळची दोन वाफेची इंजिनं जपली गेली. प्रत्येकी १,५०० अश्वशक्तीची, क्वाड्रपल एक्स्पान्शन, म्हणजे एकच वाफ चार टप्प्यांत, प्रत्येक वेळी आणखी मोठ्या सिलिंडरमध्ये पसरत काम करते.

आता हिशेब. डेल्फीनची लांबी ७८.५ मीटर आणि वजन, म्हणजे ती बाजूला सारते त्या पाण्याचं वजन, सुमारे १,९५० टन. लांबी प्रमाणाने घटते, पण वजन प्रमाणाच्या घनाने घटतं. १:४८ ला मॉडेल १.६४ मीटरचं आणि साडेसतरा किलोचं होतं. १:७२ ला १.०९ मीटर आणि ५.२ किलो. १:९६ ला ८२ सेंटिमीटर आणि फक्त २.२ किलो. या २.२ किलोत हल (जहाजाचं बाहेरचं धड), डेक, तीन मजली बांधकाम, मास्ट (डोलकाठी), रेडिओ, बॅटरी आणि पाण्याने भरलेला बॉयलर हे सगळं बसायला हवं. पाऊण तास तर सोडाच, पंधरा मिनिटं चालेल असा सुटसुटीत वाफसंचसुद्धा पाण्यासकट दोन किलोंच्या खाली आणणं फार अवघड आहे. हलसाठी काही उरतच नाही. एक ग्रॅमही जास्त झाला तर यॉट आपल्या पाणरेषेच्या खाली बसते, आणि यॉटचं सगळं सौंदर्य त्या पाणरेषेवर उभं असतं.

मग १:७२ ची डेल्फीन का नको, असं तुम्ही विचाराल. ५.२ किलोत वाफसंच बसतो हे खरं. पण डेल्फीनला दोन प्रोपेलर आहेत, म्हणजे दोन इंजिनं किंवा मध्ये गिअर. डेकवर बांधकामाचे मजले आहेत, म्हणजे वरचं वजन. आणि १:७२ मध्ये रेलिंग, खिडक्या, बोटी, डेव्हिट (बोटी खाली सोडायचे वाकडे खांब) यांचा इतका बारीक पसारा होतो की बॉयलरपर्यंत हात घालताना दर वेळी काहीतरी तुटतं. १:४८ मध्ये या अडचणी सुटतात, पण ते मॉडेल उचलायला दोन माणसं लागतात आणि न्यायला मोठी गाडी. पहिल्या कामाला हे नको.

यातून निघणारा नियम मी सगळ्यांना सांगतो: मोठी यॉट लहान प्रमाणात करण्यापेक्षा लहान यॉट मोठ्या प्रमाणात करावी. मेडीया इथे अगदी योग्य बसते. स्कॉटलंडमधल्या टॉरिस्डेल कासलचे मालक विल्यम मॅकॅलिस्टर हॉल यांच्यासाठी ग्लासगोच्या लिंटहाउस इथल्या स्टीफन यार्डाने ती १९०४ मध्ये अवघ्या ५१ दिवसांत बांधली. पहिल्या महायुद्धात ती फ्रेंच नौदलाने 'कॉर्नेय' या नावाने वापरली, दुसऱ्या महायुद्धात टेम्सच्या मुखाशी विमानविरोधी फुगे धरून ठेवायला ती कामी आली. आज ती सॅन डिएगोच्या सागरी संग्रहालयात आहे आणि वाफेवर चालू शकते. लांबी सुमारे ४१ मीटर, रुंदी जेमतेम ५ मीटर. एकच प्रोपेलर, एकच उंच पिवळसर फनेल (धुराडं), दोन मास्ट, सागवानी डेकहाउस तेवढे खुज्या उंचीचे. १:३२ ला हे १.२८ मीटर लांब आणि १६ सेंटिमीटर रुंद होतं. गाडीच्या मागच्या सीटवर तिरपं मावतं, एकट्याला उचलता येतं.

वजन काढायला मूळ टनेजचा आकडा हाताशी नसला तरी चालतं. पाण्यालगतची लांबी, रुंदी आणि बुडालेली खोली यांचा गुणाकार करा आणि त्याला हलच्या भरीवपणाच्या गुणांकाने गुणा. मालवाहू जहाजाला हा गुणांक ०.७ ते ०.८ असतो; जुन्या यॉटला ०.४५ ते ०.५. मॉडेलची पाणरेषा ११० सेंमी, रुंदी १६, खोली ८ आणि गुणांक ०.४७ धरला तर उत्तर ६.६ किलो येतं. त्याचे वाटे मी असे करीन: हल १.६ किलो, पाण्यासह पूर्ण वाफसंच २.४, रेडिओ आणि बॅटरी ०.३, डेक आणि डेकहाउस ०.६, मास्ट-दोर-बोटी-फिटिंग्ज ०.३. राहिले १.४ किलो, ते शिशाच्या पट्ट्यांच्या रूपात अगदी तळाशी. हे उरलेलं शिसं म्हणजे तुमची शिल्लक. काम करताना प्रत्येक भाग काट्यावर ठेवून वहीत लिहा. डेकहाउस ठरल्यापेक्षा शंभर ग्रॅमने जड झालं तर तळाचं शंभर ग्रॅम शिसं कमी होतं, म्हणजे नुकसान दुप्पट होतं.

गुणांक इतका कमी का, हे समजून घेतलंत तर हल तासताना हात बरोबर चालेल. वाफेच्या यॉटचा आकार शिडाच्या जहाजाकडून आला. पुढे क्लिपर बो (पुढे झुकलेलं बाकदार नाक), त्यावर कोरीव मूर्ती आणि सोनेरी वेल, बोस्प्रिट (नाकापुढे आलेला दांडा), किंचित मागे कललेले मास्ट आणि फनेल, मागे पाण्यावर लांबवर गेलेला निमुळता काउंटर. वाफेला यातल्या कशाचीच गरज नव्हती. सुरुवातीच्या इंजिनांवर कुणाचा भरवसा नव्हता म्हणून शिडं ठेवली गेली. नंतर शिडं गेली आणि डौल राहिला. लॉर्ड ब्रॅसी यांची १८७४ ची 'सनबीम' हा त्या आधीच्या टप्प्याचा नमुना. ती मुळात तीन मास्टची शिडाची यॉट, इंजिन मदतीला. १८७६-७७ मध्ये तिने पृथ्वीप्रदक्षिणा केली. १८८७ च्या सुरुवातीला हीच सनबीम मुंबईत आली होती. त्याच सफरीत पुढे ऑस्ट्रेलियाहून परतताना लेडी अ‍ॅना ब्रॅसी समुद्रावर वारल्या. पहिल्या महायुद्धात लॉर्ड ब्रॅसींनी ती हॉस्पिटल जहाज म्हणून वापरायला हिंदुस्थान सरकारला दिली.

या आकाराला पूर्णत्वाला नेलं ते ग्लासगोच्या जॉर्ज लेनॉक्स वॉटसन यांनी. १८७३ मध्ये बाविशीच्या आसपास त्यांनी स्वतःचं डिझाइन ऑफिस काढलं आणि १९०४ मध्ये ते गेले तोवर अटलांटिकच्या दोन्ही काठांवरचे धनाढ्य त्यांच्याकडे येत होते. मला त्यांच्याबद्दल विशेष आदर आहे तो त्यांनी डोळा आणि मोजमाप या दोहोंवर भरवसा ठेवला म्हणून. डंबार्टनच्या डेनी यार्डाने १८८३ मध्ये जहाजांची मॉडेलं ओढून पाहण्यासाठी पाण्याचा लांब हौद बांधला, खाजगी यार्डाचा जगातला पहिला. मेणाची मॉडेलं ओतायची, तासायची, हौदात ओढायची आणि किती जोर लागतो ते मोजायचं. सर थॉमस लिप्टन यांच्या शर्यतीच्या यॉटसाठी, 'शॅमरॉक दुसरी'साठी, वॉटसन यांनी तिथे मॉडेलं तपासली. त्यांचीच 'लायसिस्ट्राटा' ही वाफेची यॉट डेनीने १९०० मध्ये वृत्तपत्राचे मालक जेम्स गॉर्डन बेनेट यांच्यासाठी बांधली. रोजच्या ताज्या दुधासाठी तिच्यावर गाय ठेवली होती आणि तिला मऊ अस्तराचा गोठा होता. डेनीचा तो हौद आज स्कॉटिश मेरिटाइम म्युझियमचा भाग आहे; डेनीचे आराखडे ग्रिनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियमकडे आहेत.

म्हणजे आपण घरी जे करतो तेच त्या काळी यॉट बांधण्याआधी केलं जात होतं. अमेरिकेत यॉटचे डिझाइनर नॅथॅनिअल हेरेशॉफ अर्ध्या हलचं लाकडी मॉडेल कोरत आणि त्यावरून मापं उचलून पूर्ण जहाज बांधत. न्यूयॉर्क यॉट क्लबच्या इमारतीत असल्या अर्ध्या मॉडेलांनी भिंती भरल्या आहेत. तुम्हीही पूर्ण हलला हात लावण्याआधी एका बाजूचं अर्धं मॉडेल १:६४ ला कोरून पाहा. दोन-चार रविवारांचं काम आहे. आराखड्यावरच्या रेषांतून बो पाण्यात कशी शिरते आणि काउंटर पाण्यातून कसा बाहेर निघतो, ते बोटांना कळतं.

इंग्लंडचे इंजिनीअर विल्यम फ्रूड यांचा नियम अशाच मॉडेलं ओढून पाहण्याच्या प्रयोगांतला आहे आणि तुम्हाला तो रोज लागेल: मॉडेलचा वेग प्रमाणाच्या वर्गमुळाने घटतो. १२ नॉटने (तासाला १२ सागरी मैलांनी) जाणारी यॉट १:३२ ला २.१ नॉटने, म्हणजे सेकंदाला सुमारे १.१ मीटरने जायला हवी. तुम्ही काठाने आरामात चालत तिच्या बरोबरीने राहू शकाल, तेव्हाच तिच्या बोची लाट मूळ यॉटसारखी दिसेल. त्यापेक्षा जोरात पळवली की पाणी विचित्र उसळतं. वाफेच्या इंजिनाची ताकद कमी पडेल ही भीती त्यामुळे काढून टाका. लागते ती फार थोडी लागते.

आता स्थैर्य. अरुंद हल, उंच फनेल, दोन मास्ट, वर पितळ. हे मिश्रण धोक्याचं आहे आणि ते मोठ्यांनाही चुकलेलं नाही. व्हिक्टोरिया राणीसाठी पेंब्रोकला बांधलेली तिसरी 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट' ३८० फुटांची राजेशाही यॉट. सजावट आणि सामान यांचं वजन ठरल्यापेक्षा फार वाढलं. १९०० च्या जानेवारीत गोदीत पाणी सोडलं तेव्हा ती तरंगू लागताच एका बाजूला भयंकर कलली. पुढे वरचं वजन कमी करून आणि तळाशी भार टाकून तिला सरळ केलं. राजघराण्याच्या जहाजाला जे लागू झालं ते आपल्या सव्वा मीटरच्या मॉडेलला अधिकच लागू आहे, कारण वारा आपल्यासाठी १:३२ होत नाही.

यासाठी मोठ्या गोदीत करतात तीच चाचणी घरच्या टाकीत करा. मॉडेल पूर्ण भरून तरंगवा. डेकच्या मधोमध ३० सेंमी लांबीचा ओळंबा टांगा. १०० ग्रॅमचं वजन मधल्या रेषेवरून ८ सेंमी बाजूला सरकवा आणि ओळंबा किती हलतो ते पाहा. ६.६ किलोच्या मॉडेलवर ओळंबा ३ सेंमी हलला, तर १०० गुणिले ८ भागिले ६,६०० आणि त्याला भागिले ०.१, म्हणजे मेटासेंट्रिक उंची (कललेलं जहाज सरळ होण्याची क्षमता दाखवणारं माप) सुमारे १.२ सेंमी. मूळ यॉटच्या हिशेबात ३९ सेंमी. ठीक आहे, पण मला मॉडेलवर दीड सेंमी आवडते. एक सेंमीच्या खाली आली तर मी मॉडेल तळ्यावर नेणार नाही. चाचणी बॉयलर भरलेला असताना आणि पाणी अर्धं संपल्यावर अशी दोन्ही वेळा करा. बॉयलर पाणरेषेच्या खाली बसवलेला असतो, त्यामुळे पाणी संपत जातं तसा तळाचा भार कमी होतो.

हलचं तुम्हाला येतंच, म्हणून थोडक्यात. सांगाड्यावर पट्ट्या ठोकून करा किंवा साचा करून फायबरचं करा; वाफेसाठी फायबर जास्त सोयीचं, कारण आत तेल आणि गरम पाणी सांडणारच. लाकडाचं केलंत तर आतून आणि बाहेरून दोन्हीकडून इपॉक्सी द्या, आणि ते काम पावसाळ्याआधी, लाकूड कोरडं असताना उरका. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये बंद केलेलं हल ऑक्टोबरच्या उन्हात सांध्यांवर उघडतं. पट्ट्यांसाठी शिवण चांगली, हलकी आणि फारशी न वाकडी होणारी. डेकसाठी साग वापरू नका. मूळ यॉटचा डेक सागाचा होता हे खरं, पण सागाचे रेषे जाड असतात. १:३२ च्या डेकवर ते दोरखंडाएवढे दिसतात. हळदूच्या पातळ पट्ट्या घ्या, रेषा जवळजवळ दिसत नाही आणि रंग धुतलेल्या सागाच्या जवळ जातो. डेकहाउसच्या गडद लाकडासाठी शिसवी.

किटबद्दल. बाजारातले बहुतेक वाफेचे किट उघड्या लाँचचे असतात, यॉटचे नाहीत. वाफसंच हाताळायला शिकण्यासाठी लाँचचं किट उत्तम. यॉट मात्र आराखड्यावरूनच करावी लागेल. इंजिन विकत घ्या. जपानच्या सैतोची दोन सिलिंडरची छोटी इंजिनं तयार मिळतात. इंग्लंडमधल्या स्टुअर्टची इंजिनं कास्टिंगच्या रूपातही मिळतात आणि लेथ असेल तर ते काम फार समाधानाचं आहे. मात्र त्यांचं पाऊण इंच बोअरचं (सिलिंडरच्या आतल्या व्यासाचं) प्रसिद्ध उभं इंजिन तुमच्या हलसाठी जड पडेल. ११ मिमी बोअर, ११ मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), दोन सिलिंडर, दोन्ही बाजूंनी वाफ घेणारं आणि उलटं फिरू शकणारं इंजिन शोधा. मेडीयाचं मूळ इंजिन कंपाउंड होतं, म्हणजे तीच वाफ दोन टप्प्यांत वापरणारं, म्हणून मॉडेललाही कंपाउंडच हवं असा हट्ट धरू नका. सिलिंडर लहान होत जातो तसा त्याच्या आतल्या वाफेच्या मानाने पृष्ठभाग मोठा होत जातो. वाफ दुसऱ्या सिलिंडरला पोचेपर्यंत तिचं पाणी होतं. या मापात साधं जुळं इंजिनच चांगलं.

वाफ किती लागेल ते काढू. अशा इंजिनात एका फेऱ्यात चार वेळा वाफ भरते, म्हणजे सुमारे ४.२ घन सेंमी. मिनिटाला ६०० फेरे धरले तर अडीच लिटर वाफ. सिलिंडरपाशी २ बार (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका) दाब असेल तर तिचं वजन चार ग्रॅमच्या आसपास. पाइपात आणि सिलिंडरात थंड होऊन जवळजवळ तितकीच वाया जाते, म्हणून दुप्पट धरा: मिनिटाला ८ ग्रॅम पाणी. बॉयलरमधलं २०० मिली पाणी सुरक्षितपणे वापरता आलं तर २५ मिनिटं. एका फेरीला एवढं पुरे. इंजिनाला प्रोपेलर थेट जोडा. ४५ ते ५० मिमीचा, संथ फिरणारा.

बॉयलरवर मात्र सविस्तर बोलायला हवं. ७६ मिमी व्यासाची, १.६ मिमी जाडीची, १५० मिमी लांब तांब्याची नळी. मधून ३२ मिमीची धूरनळी आणि तिच्यात आडव्या बारीक पाणीनळ्या. कामाचा दाब ३ बार. दोन्ही टोकांच्या चकत्या तांब्याच्याच, कडा वळवलेल्या. तांबं लाल होईपर्यंत तापवायचं, पाण्यात बुडवायचं म्हणजे ते मऊ होतं, मग टणक लाकडाच्या ठोकळ्यावर कड हलक्या हाताने ठोकत वळवायची. कडक झालं की पुन्हा तापवायचं. पुण्याजवळ असाल तर कसबा पेठेतल्या तांबट आळीत जा. मठारकाम (तांबं ठोकून घडवण्याचं काम) करणाऱ्या कारागिरांच्या हातात हे पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. त्यांना ठोकळा आणि माप द्या, आणि ते ठोकताना शेजारी बसून बघा. तांबं किती सोसतं ते मी तिथेच शिकलो.

सांधे चांदीच्या ब्रेझिंगचेच (चांदीच्या मिश्रधातूने जास्त तापमानावर केलेल्या जोडकामाचेच) हवेत. कथलाचं सोल्डर १८५ अंशांच्या आसपास वितळतं. ३ बारला पाणी १४४ अंशांवर असतं, म्हणजे वरवर फरक पुरेसा वाटतो. पण पाणी कमी होऊन धूरनळी उघडी पडली की ती काही सेकंदांत दोनशेच्या पुढे जाते आणि सांधा सुटतो. चांदीचा सांधा सहाशेच्या वर टिकतो. ब्रेझिंगची कांडी कॅडमियममुक्त घ्या. कॅडमियमचा धूर फुप्फुसांना घातक आहे. काम उघड्यावर करा.

आपल्याकडचा बॉयलर कायदा २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेच्या बॉयलरला लागू होत नाही. म्हणजे तुमचा बॉयलर तपासायला कुणीही निरीक्षक येणार नाही. ती जबाबदारी पूर्ण तुमची. नव्या बॉयलरला हातपंपाने थंड पाण्याचा दुप्पट दाब द्या, म्हणजे ६ बार, आणि अर्धा तास धरा. आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये: पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सांधा फुटला तरी फक्त गळतं, हवा असेल तर तुकडे उडतात. हवेने दाब देऊन कधीही तपासू नका. सेफ्टी व्हॉल्व्ह, दाबमापक, पाण्याची काच आणि झडप यांवर पैसे वाचवू नका. पाण्याची काच ५ मिमीपेक्षा बारीक घेतलीत तर केशाकर्षणाने पाणी वर चिकटतं आणि खोटी पातळी दाखवतं.

इंधन ब्युटेनचं. हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर हलच्या तळाशी साचतो. गॅसची टाकी बॉयलरच्या कप्प्यात ठेवू नका. डेकहाउस उचलून, आत वारा घालून मगच बर्नर पेटवा. डेकवरचे गोल तोंडाचे व्हेंटिलेटर मूळ यॉटवर बॉयलररूमला हवा देण्यासाठीच होते. तुमचेही खरे पोकळ ठेवा, बर्नरला तीच हवा लागते. फनेल दुहेरी करा: आतली पितळी नळी गरम, बाहेरची रंगवलेली, मध्ये मोकळी हवा.

तेलासाठी डिस्प्लेसमेंट लुब्रिकेटर वापरा. वाफ त्यात जाऊन थंड होते, पाणी तळाशी बसतं आणि तितकंच तेल थेंबाथेंबाने वर ढकललं जाऊन वाफेबरोबर सिलिंडरात जातं. एकही हलणारा भाग नाही. तेल स्टीम सिलिंडरचंच, ४६० ग्रेडचं; मोटारीचं तेल पाण्यात मिसळून साबणासारखं पांढरं होतं. बाहेर पडणारी वाफ तेल वेगळं करणाऱ्या डब्यातून फिरवूनच फनेलकडे सोडा. तळ्यावर तेलाचा तवंग सोडण्याचा आपल्याला काही हक्क नाही. पाणी डिस्टिल्ड, इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळतं ते. बोअरवेलच्या पाण्याने आत खडा धरतो.

सजावटीबद्दल तीनच गोष्टी. मॉडेलांवरचे दोर बहुधा जाड असतात: २० मिमीची तार १:३२ ला ०.६ मिमीची होते, सुतळी नको. हलचा पांढरा रंग किंचित मळकट आणि अर्धा चमकदार ठेवा, शुभ्र चकचकीत रंगात मॉडेल खेळण्यासारखं दिसतं. बोवरचा वेल आणि हलवरची रेषा सोन्याच्या वर्खाची करा. सोनेरी रंग वर्षभरात काळवंडतो, वर्ख नाही.

डेल्फीनचा विषय सोडवत नसेल तर कपाटासाठी स्थिर मॉडेल जरूर करा. पण तेव्हा 'नाहलिन'चाही विचार करा. कलकत्त्याच्या तागाच्या व्यापारातून गब्बर झालेले सर डेव्हिड यूल १९२८ मध्ये वारले. त्यांच्या पत्नी लेडी यूल यांनी १९३० मध्ये क्लाइडबँकच्या जॉन ब्राउन यार्डात ती बांधून घेतली. ३०० फूट, वाफेची टर्बाइन. १९३६ मध्ये आठव्या एडवर्डने वॉलिस सिम्प्सनबरोबर तिच्यावरून एड्रियाटिकची सफर केली, पुढे ती रुमानियाच्या राजाकडे गेली, डॅन्यूबवर तरंगतं रेस्टॉरंट झाली आणि आता पुन्हा यॉट म्हणून उभी आहे, मात्र डिझेलवर. १:९६ ला ९५ सेंमी होते. क्लिपर बो असलेल्या मोठ्या वाफेच्या यॉटमधली ती शेवटच्यांपैकी एक, आणि तिच्यामागे आपल्याच बंगालच्या तागाचा पैसा आहे. मुंबईकरांच्या परिचयाची 'कलिझ्मा'सुद्धा अशीच: १९०६ मध्ये स्कॉटलंडमधल्या लीथला वाफेची यॉट म्हणून बांधलेली, पुढे रिचर्ड बर्टन आणि एलिझाबेथ टेलर यांची आणि नंतर विजय मल्ल्या यांची.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी इंजिन आणि बॉयलर मिळवा आणि टेबलावर लाकडी फळीवर पक्के बसवून निदान दहा वेळा चालवा. पेटवण्यापासून वाफ धरेपर्यंत किती वेळ जातो, २५ मिनिटांचा हिशेब खरा ठरतो का, कुठे गळतं, हे सगळं लिहून ठेवा. मग तो संच काट्यावर ठेवा, त्याचा गुरुत्वमध्य काढा आणि त्यानंतरच हलच्या आडव्या चौकटी कापा. उलट क्रमाने केलंत तर बॉयलरला जागा करायला चौकटी कापाव्या लागतात. पहिली फेरी वारा पडलेला असताना, सकाळी, काठाजवळ आणि लांब दोरी बांधून. फेरी संपली की बॉयलर गरम असतानाच रिकामा करा, सिलिंडरात तेलाचे दोन थेंब टाकून इंजिन हाताने फिरवा आणि गॅसची टाकी मॉडेलमधून काढून वेगळी ठेवा. वजनाचा तक्ता तयार झाला की तो आणि बॉयलरचं रेखाचित्र इथेच टाका; चौकटी कापायच्या आधी बॉयलर नेमका कुठे बसवायचा ते आकडे पाहून सांगतो.